घाटात गाडी तापते, आणि ‘सायलेन्सरचं बेअरिंग’ कोणत्या दुकानात मिळतं?

हेल्पर_पारोळा

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, दोन्ही एकाच गाडीवरून निघालेले.

पहिला: १.३ लिटरची टर्बो डिझेल सेडान, २०१४ चं मॉडेल, १ लाख ३८ हजार किलोमीटर. जळगाव–धुळे हायवेला ८०–९० च्या स्पीडने एसी लावून कितीही पळवा, तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागलं, गाडीत चार माणसं आणि एसी चालू, की अर्ध्या घाटात काटा वर सरकतो. एसी बंद केला की पाच-सात मिनिटांत परत खाली. लळिंग घाटात तेवढा त्रास नाही. पाणी कमी होत नाही, ऑइल दुधाळ नाही, पांढरा धूर नाही. वॉटर पंप गेल्या वर्षीचा. फॅन फिरतो, बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहिलाय. उस्ताद म्हणतात, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेक, मे महिन्यात खानदेशात त्याचं काय काम?

दुसरा: सामान आणायला चिठ्ठी मिळालीय. चिठ्ठीवर तीन जणांचं अक्षर आहे आणि देताना सगळे खाली बघून हसून राहिले. मजकूर जसाच्या तसा:

सायलेन्सरचं बेअरिंग १, वेल्च प्लग २, इंडिकेटरचं तेल अर्धा लिटर, हाफमून चावी, उलट्या आट्याचा १३ चा पाना, ब्लीडर निप्पल, पिस्टनची रिटर्न स्प्रिंग, जिगल पिनवाला थर्मोस्टॅट, निळं पाणी, पाव किलो धूर.

यातलं खरं काय आणि चेष्टा काय? आणि ‘थर्मोस्टॅट काढून फेक’ हीसुद्धा चेष्टाच आहे का?

---

रेडिएटर_भुसावळ

आधी गाडीचं बघू. चिठ्ठीला हात घालणारे इथं पुष्कळ आहेत.

गाडी केव्हा तापते यातच अर्धं उत्तर असतं. हायवेला थंड आणि हळू चालताना, घाटात किंवा सिग्नलला गरम, म्हणजे हवा कमी पडते: फॅन, फॅनची जाळी किंवा रेडिएटरसमोर साचलेला कचरा. उलट गावात ठीक आणि हायवेला जोर दिला की गरम, तर पाणी कमी फिरतं: रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदलेल्या, पंपाचा पंखा झिजलेला किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. दोन्हीकडे गरम आणि पाणीही घटतं, तर गळती, कॅप नाहीतर हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकच्या मधलं).

तुझी गाडी पहिल्या गटात बसते. कन्नड घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर २५–३० च्या स्पीडने चढताना समोरून वारा जवळपास नसतोच. इंजिनवर पूर्ण लोड, त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसून स्वतःची उष्णता मागं ढकलतो. म्हणून एसी बंद केला की काटा उतरतो. लळिंगची चढण त्या मानाने सोपी आणि स्पीड जास्त, म्हणून तिथं निभावतं.

थर्मोस्टॅट काढायचा नाही. उस्तादांचा मान ठेवून सांगतो, ती चेष्टा नाही, त्यांना ते खरंच वाटतं. आणि म्हणूनच ते सायलेन्सरच्या बेअरिंगपेक्षा महाग पडतं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची चकती उघडून रेडिएटरचा रस्ता मोकळा होतो, तेव्हा खालची बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा, आणि थोडं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरत राहतं. घाटात गाडी आणखी तापते. सपाटीवर उलटं: इंजिन ६०–६५ च्या वर जातच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इंजिन गार वाटतं, डिझेल जास्त सोडलं जातं, अॅव्हरेज पडतं, ऑइल पातळ होतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिन नीट गरम झालं नाही तर त्यातली काजळी जळायचं काम अडतं आणि हजारांचा खर्च उभा राहतो.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढून तपास. भांड्यात पाणी, त्यात तारेने लटकव, बुडाला टेकू देऊ नको, शेजारी थर्मामीटर. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास उघडायला लागला आणि आणखी १०–१५ अंशांत पूर्ण उघडला तर चांगला. गार झाल्यावर घट्ट मिटलाही पाहिजे.

आता मला वाटतं ते कारण. आपल्याकडे कापसाचा हंगाम झाला की ट्रॅक्टर आणि आयशरमधून उडालेला कापूस, धूळ, किडे असं सगळं कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन बसतं. समोरून टॉर्च मारली तर कंडेन्सर लखलखीत, मागून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ, आणि मधे गादी भरलेली. समोरून प्रेशरने पाणी मारलं की ती गादी आणखी दाबून बसते.

साफ करायची रीत: इंजिन पूर्ण गार. वरची पट्टी आणि कंडेन्सरचे ब्रॅकेट सोडून कंडेन्सर दोन-तीन इंच पुढं सरकव. एसीचे पाइप उघडायचे नाहीत, वाकवायचेही नाहीत. आधी मऊ ब्रशने गादी उचलून काढ, मग इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूला साधा नळाचा पाइप मार. वॉशिंग सेंटरची बंदूक जवळ धरली की रेडिएटरचे पातळ पत्रे आडवे झोपतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद.

हे करताना प्रेशर कॅपही बघ. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बार. १ बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट त्याहून वर. कॅपचं रबर फुगलं किंवा स्प्रिंग मेली की हा फायदा गेला. दुकानात ‘कॅप द्या’ म्हणू नको, आकडा सांगून माग. आणि गरम गाडीची कॅप कधीच नाही. अर्धा-पाऊण तास थांब, वरचा होज हाताने दाबून मऊ लागला तरच फडकं ठेवून उघड.

---

केळीपट्टा_रावेर

आमच्याकडे सगळ्या गाड्यांचे थर्मोस्टॅट काढून टाकलेत भो, वीस वर्षं झाली. काही होत नाही.

---

रेडिएटर_भुसावळ

वीस वर्षांपूर्वीच्या जीपला आणि ट्रॅक्टरला चालून गेलं असेल, त्यांना ईसीयू नव्हता. काढलेल्या गाडीला स्कॅनर लाव आणि हायवेला कूलंटचं तापमान बघ. ७० च्या खाली दिसलं तर अॅव्हरेज किती घटलं ते मालकालाच विचार.

---

नाना_अमळनेर

आते चिठ्ठीकडे येऊ या.

सायलेन्सरचं बेअरिंग: नाही. सायलेन्सरमध्ये फिरणारं काहीच नाही. तो रबराच्या हँगरवर लटकतो. हँगर तुटला असेल तर ‘सायलेन्सर रबर’ म्हणून माग, स्वस्तात मिळतो.

वेल्च प्लग: खरा. नाव ऐकून चेष्टा वाटते. ब्लॉक आणि हेड ओतताना राहिलेली भोकं बंद करणारी वाटीसारखी पत्र्याची टोपी. वर्षानुवर्षं नुसतं पाणी घातलेल्या गाडीत ती आतून गंजते आणि इंजिनच्या मागच्या बाजूने थेंब थेंब गळते. माप मिलिमीटरमध्ये घेऊन जा, कॅलिपरने भोकाचा व्यास मोज. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही बसत नाही किंवा बसून गळते.

इंडिकेटरचं तेल: नाही. ब्रेक ऑइल असतं, स्टिअरिंग ऑइल असतं, वायपरचं पाणी असतं, मग इंडिकेटरचं का नसावं, या हिशेबाने पोरं फसतात. इंडिकेटर लागतो फ्लॅशरवर. टिकटिक जलद झाली तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो, तो शोध.

हाफमून चावी: खरी. अर्धचंद्राची स्टीलची चकती, कंपनीच्या पुस्तकात वुड्रफ की. शाफ्टच्या खाचेत बसून पुली किंवा मॅग्नेट जागेवर धरते. कुलपाच्या दुकानात जाऊ नको. पोरं तिकडंच पाठवतात.

उलट्या आट्याचा पाना: नाही. पान्याला आटे नसतातच, तो उजवीकडेही फिरतो आणि डावीकडेही. पण उलट्या आट्याचा नट शंभर टक्के खरा. गॅस वेल्डिंगच्या अॅसिटिलीनच्या जोडाला उलटा आटा असतो आणि ओळखायला नटाच्या कोपऱ्यांवर खाच कोरलेली असते. बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा नट, सायकलचं डावं पेडल, तिथंही उलटे आटे. हे माहीत नसलं की माणूस ‘खोलतोय’ म्हणत आवळत जातो आणि आटे मारून ठेवतो. अॅसिटिलीनच्या बाबतीत ती चूक फक्त आट्यावर निभावत नाही.

ब्लीडर निप्पल: खरं. ब्रेकच्या कॅलिपरवरचा पोकळ बोल्ट, हवा काढायला. रिंग पान्यानेच खोलायचा, साध्या पान्याने कडा झिजतात. गाडी सांगून आण, आटे वेगवेगळे येतात. वरची रबरी टोपीही माग, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात भोकात माती.

पिस्टनची रिटर्न स्प्रिंग: नाही. पिस्टनला क्रँकच परत आणतो. ब्रेक शूची रिटर्न स्प्रिंग मात्र असते आणि व्हॉल्व्हचीही, म्हणून नवीन पोराला हे पटतं.

जिगल पिनवाला थर्मोस्टॅट: खरा, आणि ज्याने लिहिला त्याला काम येतं. थर्मोस्टॅटच्या कडेला बारीक भोकात हलणारी पिन असते, तिथून अडकलेली हवा निघते. बसवताना ती पिन वरच्या बाजूला यायला हवी. खाली बसवलीस तर हवा अडकते आणि नवीन थर्मोस्टॅट घालूनही गाडी तापते. त्या इंजिनाला थर्मोस्टॅट घरासकट एकच तुकडा येत असेल तर हा प्रश्नच नाही, दुकानदार सांगेल.

निळं पाणी: खरं. हेड पॅकिंग तपासायचं. नळीत निळं द्रव घालून रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि इंजिन चालू ठेवतात. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. तोंडाजवळचं कूलंट आधी थोडं उपसून घ्यायचं, नळीत कूलंट शिरलं की परीक्षा फुकट. डिझेलला आयडलवर वायू विरळ असतो, तेव्हा नुसतं हिरवट झालं तरी दुर्लक्ष करू नको. पण तुझ्या गाडीत पाणी घटत नाही. सकाळी गार इंजिन चालू करून एका मिनिटात वरचा होज दगडासारखा झाला तरच हे सामान शोध.

पाव किलो धूर: चेष्टा, पण शहाणी. धूर वजनावर मिळत नाही, मात्र धुराचं मशीन असतं. इनटेक किंवा टर्बोच्या होजमध्ये कमी दाबाने धूर सोडतात आणि चीर कुठं आहे तिथून तो बाहेर दिसतो. तुझ्या गाडीचा पिकअप घाटात कमी वाटत असेल तर इंटरकूलरचे होज तसेही तपास. बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळत असेल तर ड्रायव्हर जास्त रेस देतो आणि उष्णता वाढते.

पुढच्या वेळेसाठी ओळखायची एकच रीत: सामान सांगणाऱ्याला विचार, ‘कोणत्या गाडीचं, कोणतं वर्ष, जुना तुकडा नमुन्याला द्या.’ खऱ्या सामानाला यातलं काहीतरी मिळतंच. दुकानदारही चासी नंबर मागतो. इंडिकेटरच्या तेलाचा नमुना मागितलास की अख्खा गाळा हसतो, पण मग तुझ्यावर नाही.

---

वायरिंगवाला_धुळे

‘फॅन फिरतो, डोळ्यांनी पाहिलाय’ इथंच गाडी अडकली आहे.

या गाडीला फॅन दोन स्पीडचा असतो. हळू फिरताना करंट रेझिस्टरमधून येतो, जोरात फिरताना दुसऱ्या रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) थेट. रेझिस्टर जळाला तर हळू बंद, जोरात चालू. दुसरा रिले किंवा त्याचं सॉकेट गेलं तर हळू चालू, जोरात बंद, आणि बघणारा म्हणतो फॅन ओके. तुझी लक्षणं दुसऱ्या प्रकारची. एसी लावला की फॅन फिरतो म्हणून संशयच येत नाही.

असं तपास:

कूलंट टेंपरेचर सेन्सरचं कनेक्टर काढ आणि इग्निशन चालू कर. बहुतेक गाड्यांत ईसीयू घाबरून फॅन पूर्ण जोरात लावतो. आवाज वावटळीसारखा यायला हवा. एसीवर होता तेवढाच राहिला तर हाय स्पीड मेलेला आहे. एररचा कोड पडेल, नंतर स्कॅनरने काढ.

मग इंजिन चालू ठेवून फॅनच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लाव. बॅटरीवर १३.८ ते १४.२ व्होल्ट असेल तर हाय स्पीडला फॅनवर १३ च्या वर हवेत. प्लसच्या बाजूला किंवा अर्थच्या (मायनसच्या) बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असेल तर तो जोड खराब. अर्थ विसरू नको, निम्म्या भानगडी तिथंच असतात.

रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ नंबरच्या पिनांच्या घरात अडीच एमएमच्या वायरचा जंपर लाव, मधे ३० अँपिअरचा फ्यूज घालून. फॅन जोरात फिरला तर मोटर चांगली, दोष रिलेचा किंवा त्याला येणाऱ्या कमांडचा. रिलेच्या ८५–८६ मध्ये कॉइल असते, साधारण ७० ते १०० ओहम दाखवेल. शेजारचा हॉर्नचा रिले लावून बघायचा असेल तर आधी पिनांचा नकाशा आणि अँपिअर जुळव.

सॉकेट उलटं करून प्लास्टिकचा रंग बघ. तपकिरी किंवा विरघळलेलं असेल तर नवीन रिले महिनाभर टिकेल आणि परत तेच. अशा वेळी क्लॅम्प मीटरने मोटरचा करंट मोज, डीसी मोजणारा क्लॅम्प हवा. २० च्या आसपास ठीक, ३० कडे चालला तर मोटरचे बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या) धरतात आणि तेच सॉकेट जाळतात.

अजून एक. कुणी फॅनची वायर आधी तोडून जोडली असेल तर उलटी जोडली गेलेली असू शकते. फॅन फिरतो, पण हवा पुढं फेकतो. गाडी उभी असताना कंडेन्सरसमोर वर्तमानपत्राचा कागद धर. कागद चिकटला पाहिजे. उडाला तर दोन वायरींची अदलाबदल कर.

हे सगळं करताना हात आणि गमछा लांब. इलेक्ट्रिक फॅन चावी काढल्यावरही काही गाड्यांत आपोआप सुरू होतो.

---

हेल्पर_पारोळा

मोजून आलो.

सेन्सरचं कनेक्टर काढल्यावर फॅनचा आवाज जरासाच वाढला. लो स्पीडला फॅनवर ७.६ व्होल्ट, हाय स्पीडला ९.९. अर्थच्या बाजूला ०.१ म्हणजे चांगला. हाय स्पीडच्या रिलेचं सॉकेट एका बाजूने विरघळलंय, पिन सैल झालीय. कंडेन्सरच्या मागं खरंच गादी होती, दोन्ही ओंजळी भरून निघाली. कापूस, भुसा आणि एक फुलपाखरू. कागद चिकटतो. कॅपवर १.१ आहे, रबर ठीक.

सॉकेट बदलून आणतो. दरम्यान गाळ्यात माझी आणखी एक चेष्टा झाली: नव्याच सर्व्हिस केलेल्या गाडीत पुढून टिक-टिक आवाज, आणि सगळे मला बेअरिंग बदलायला लावून राहिलेत. ही चेष्टा आहे हे कळतंय, पण शोधायची कशी?

---

तापीकाठ

स्पीडवरून शोध. व्हील कॅपमध्ये खडे टाकले असतील तर हळू चालताना खडखडतात आणि स्पीड वाढला की गप्प होतात, कारण खडे कडेला चिकटून बसतात. अॅक्सलच्या शाफ्टला लॉक टाय (वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी) बांधून शेपूट लांब ठेवलं असेल तर टिक-टिक स्पीडबरोबर जलद होत जाते आणि बंद होत नाही. खरं बेअरिंग टिकटिकत नाही, ते घूं करतं, स्पीडबरोबर वाढतं आणि वळणावर एका बाजूला झुकलं की बदलतं. सीव्ही जॉइंट असेल तर स्टिअरिंग पूर्ण कापून हळू निघताना कट-कट येतो. गाडी घोडीवर घेऊन चाक हाताने फिरव, दहा सेकंदांत कळेल.

आणि हा लॉक टाय लगेच काप. गाळ्यात उभ्या स्क्रॅपच्या गाडीला बांधला तर गंमत, गिऱ्हाइकाच्या गाडीला नाही. त्याचं शेपूट एबीएस सेन्सरच्या वायरला मारत राहतं आणि महिन्याने एबीएसचा दिवा लागतो. तेव्हा कुणाला आठवत नाही कुणी बांधला होता. ब्रेकच्या स्विचवर हॉर्न जोडायची चेष्टाही तशीच. दोन हॉर्न मिळून सात-आठ अँपिअर सहज ओढतात. स्विच त्यासाठी बनलेला नाही. फ्यूज उडाला की ब्रेक लाइट बंद, आणि हे गाडी हायवेला गेल्यावर कळतं.

चिठ्ठीची चेष्टा चांगली आहे. कुणाचं काही जात नाही, पोरगं दुकानदाराशी बोलायला शिकतं, आणि १० नंबरची गोटी (गोटी पान्याची) टेबलाला चिकटवून ठेवणाऱ्यांना आमचा विरोध नाही. (ती गोटी तशीही सापडत नाहीच.) पण तीन गोष्टी कुणी करत असेल तर तिथंच थांबवा.

एक, कंप्रेसरची हवा माणसावर. गाळ्यातल्या टाकीत ८ ते १० बार असतात. कपड्यांवरूनसुद्धा शरीराच्या भोकाजवळ पाइप धरला तर क्षणात आतडं फाटतं. देशात अशा ‘चेष्टेत’ माणसं मेली आहेत आणि करणारे तुरुंगात गेले आहेत. कपड्यांवरची धूळ झाडायलाही हवा वापरू नये. त्वचेला जखम असेल तर हवा आत शिरते.

दोन, जुन्या पॉइंटवाल्या गाडीचा इग्निशनचा कंडेन्सर (एसीचा नव्हे, वीज साठवणारा) चार्ज करून ‘हे धर’ म्हणून फेकणं. हाताला झटका बसतोच. पण माणूस दचकून मागं सरतो तेव्हा मागं काय आहे, चालू ग्राइंडर की पिट, ते फेकणारा बघत नाही. गाडीखाली झोपलेल्याला दचकवायला हॉर्न वाजवणं आणि जॅकला लाथ मारणं त्याच जातीचं.

तीन, कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत. ही बहुतेक वेळा चेष्टाही नसते, आळस असतो. मे महिन्यात ४४–४५ अंशांत कुणीही हिरवी किंवा लाल बाटली उचलतो. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, त्यामुळे पहिल्या घोटाला कळत नाही. शुद्ध ग्लायकॉल १०० मिलीच्या आसपास गेलं तर धडधाकट माणूस दगावू शकतो. आधी दारू प्यायल्यासारखं बडबडतो, त्यामुळे सगळे हसतात, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंड बंद. प्यायल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता बाटलीसकट सिव्हिलला न्या, डॉक्टरला ‘एथिलीन ग्लायकॉल’ असं स्पष्ट सांगा. त्यावर उतारा असतो, पण वेळेत हवा.

---

रेडिएटर_भुसावळ

कूलंटचा विषय निघालाच आहे. गादी साफ केलीस, आता पाणीही बघ. कॅनवर आयएस ५७५९ लिहिलेलं असेल तेच घे. नुसतं हिरवं रंगवलेलं पाणीही बाजारात फिरतं. ‘इथं कुठं बर्फ पडतो’ म्हणून बोअरचं पाणी भरणाऱ्यांनी रेडिएटरच्या नळ्यांमधला पांढरा थर एकदा बघावा, नखाने निघत नाही. कूलंटचं काम फक्त गोठू न देणं नाही. गंज थांबवणं आणि पंपाचं सील टिकवणं त्याच्याकडेच आहे. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. प्री-मिक्स असेल तर त्यात पाणी घालू नको, लेबल वाच.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेव, गाडीचं नाक उंच कर, ब्लीडिंग स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर चालव, मग पूर्ण गार झाल्यावर लेव्हल परत भर. हवा राहिली तर काटा उगाच उड्या मारतो.

---

हेल्पर_पारोळा

सॉकेट आणि रिले नवीन टाकला. हायला आता १३.३ व्होल्ट. शंभर रुपयांत दोन्ही आले नाहीत, पण हेड पॅकिंगच्या अंदाजपत्रकापेक्षा बरं. आज त्याच घाटात चार माणसं आणि एसी लावून स्कॅनर बघितला: सगळ्यात जास्त १०१, फॅन लागला की ९४ ला उतरतो. थर्मोस्टॅट जागेवरच आहे, उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला.

क्लॅम्प मीटरवर मोटर मात्र हायला २८ अँपिअर ओढते. हाताने फिरवली तर जड लागते. उस्ताद म्हणतात, नवीन मोटर नको, कार्बन (मोटरचे ब्रश) आणि बुश सुटे आण, ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. हे खरं की परत चिठ्ठी?

---

वायरिंगवाला_धुळे

खरं आहे, मिळतात. मोटर खोलून जुना बुश आणि जुना कार्बन दोन्ही नमुन्याला ने. शाफ्टवर बुशाच्या जागी नखाला लागेल इतकी झीज असेल तर बुश बदलून उपयोग नाही, तेव्हा मोटरच घे. खोलण्याआधी केसिंगवर आणि टोपणावर मिळून एक आडवी रेघ मार, नाहीतर लावताना टोपण फिरून बसतं. लावल्यावर परत क्लॅम्प मीटर, २० च्या आसपास आलं की बॉनेट लाव.